आबांच्या पायाच्या मापाची गाडी

आमच्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कुठलीही वस्तू घेताना एकच प्रश्न पडतो: यापेक्षा मोठी आहे का? टीव्ही घेतला तो इतका मोठा की तो लावायला भिंतीवरचे देव दुसऱ्या खोलीत हलवावे लागले. फ्रीज घेतला तो दारातून आत येईना, म्हणून दाराची चौकट काढली. कागलच्या एमआयडीसीत त्याची फौंड्री आहे, ती बऱ्यापैकी चालते, आणि हातात पैसा खेळायला लागल्यापासून या सवयीला आवर घालणारं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे एका संध्याकाळी बँकेतून सुटून मी माहेरी चहाला टेकले असताना त्याने "भारीतली सेडान घ्यायचं ठरवलंय" असं जाहीर केलं, तेव्हा मी कपातून तोंडसुद्धा वर काढलं नाही. लांबलचक काहीतरी येणार आणि गल्लीच्या तोंडाशी अडकून बसणार, हे मला तिथेच दिसलं.

पण या खेपेला त्याच्याकडे कारण होतं. ते कारण म्हणजे आबांचा उजवा पाय.

आबा म्हणजे आमचे वडील. जन्म पेठेतल्या याच गल्लीत गेला. घरामागे गोठा होता, आणि रोज संध्याकाळी म्हैस चौकातल्या दूधकट्ट्यावर नेऊन, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून त्यांनी दूध विकलं. त्या दुधावर आम्ही दोघं शिकलो. वय झाल्यावर म्हशी विकल्या, पण गोठा रोज धुवायची सवय काही विकता आली नाही. त्याच रिकाम्या गोठ्यात, स्वतःच धुतलेल्या फरशीवर ते घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली, हाड जुळलं, आणि गुडघ्याने वाकायचं बंद केलं ते केलंच. पाय ताठ. बसले की समोर फळीसारखा आडवा.

दवाखान्यातून घरी आणताना खरा घोटाळा झाला. गल्ली अरुंद, रिक्षा आत येत नाही, म्हणून चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. वळणावर एका घराची दगडी पायरी बाहेर आलेली आहे; तिथे खुर्ची अडू लागली तशी चौघांनी ती खांद्यावर घेतली. वरच्या खिडकीतल्या एका म्हातारीला नीट दिसत नाही. तिला चार जणांच्या खांद्यावर कुणीतरी चाललंय एवढंच दिसलं. तिने हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "कोण गेलं गं बाई?"

"मी," आबा खुर्चीतूनच ओरडले, "पण अजून गेलेलो न्हाय!"

गल्ली पोट धरून हसली. आबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "ह्या दारातनं आता मी मोटारीत बसूनच जाणार. न्हायतर मग एकदाच." त्यानंतर त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. घरात भिंत धरून, पलंग धरून फिरायचे. काठी आणून दिली तर म्हणाले, "काठी म्हशीला दावायची असती. माणसानं धरायची न्हाय." डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन बजावलं होतं, की हे असेच घरात बसून राहिले तर दुसरा पायही आखडेल आणि मग अंथरुणच. दिवस चालले होते, पाय आखडत होता, आणि आबा उंबऱ्याच्या आत बसून गल्लीला शिव्या घालत होते.

म्हणून गाडी. आणि म्हणून सेडानच, कारण उंच गाडीत चढायला गुडघा लागतो. बुटक्या गाडीत आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचा, हे दादाने फौंड्रीत कुणाच्या तरी गाडीवर स्वतः करून बघितलं होतं. आता फक्त तो ताठ पाय आडवा मावेल एवढी जागा मागे हवी.

मोठी खरेदी करायची तर चार जाणती माणसं बरोबर घ्यायची, ही आमच्याकडची रीत. म्हैस घेताना तसं, सोयरीक करताना तसं. आमच्याकडे जाणतं माणूस एकच उपलब्ध होतं: काका, आबांचे धाकटे भाऊ. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि एसटीपेक्षा लहान असं काहीही त्यांच्या लेखी वाहन नाही. चौथं माणूस म्हणून मला नेलं, आणि तिसरं म्हणजे आबांचा पाय. आबा येणार नव्हते, म्हणून दादाने सुतळीने कमरेपासून टाचेपर्यंत त्यांचा पाय मापला आणि टाचेच्या जागी गाठ मारली. आबा पलंगावर पडून बघत होते. "शिंप्याकडं टाकायला चाललाय व्हय?" एवढंच म्हणाले.

हायवेवरच्या जर्मन गाड्यांच्या शोरूममध्ये इतका गारठा होता की मी पदर खांद्यावरून घेतला. पुण्याकडचा एक तरतरीत सेल्समन पुढे आला. "सर, आपली फॅमिली किती जणांची?"

"पायाचं बोला," काका म्हणाले.

सेल्समनने बिचाऱ्याने मसाज करणारी सीट सांगितली, आतले बदलते रंगीत दिवे सांगितले, गाडीत आपोआप सुटणारा सुगंध सांगितला. "वास ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले, "पाय बसतोय का तेवढं सांगा." मग दादाने खिशातून सुतळी काढली. तिथल्या चकचकीत फरशीवर, सूटबुटातल्या माणसांच्या देखत, आम्ही एकेका गाडीच्या मागच्या सीटवर आबांचा पाय ताणून बघू लागलो. अर्ध्यात काकांच्या लक्षात आलं की माप अनवाणी घेतलंय. "आबा काय चप्पल काढून बसणार न्हाईत." मग चपलेसाठी गाठ पुढे सरकवली. सेल्समनही एव्हाना गुंतला होता, सुतळीचं एक टोक त्याने स्वतः धरलं आणि "अंकल थोडे तिरके बसले तर?" असा प्रस्तावही मांडला. पाय असा आदबीने हाताळलेला मी दवाखान्यातसुद्धा बघितला नव्हता.

छोट्या सेडानमध्ये सुतळीला झोळ पडला. मधलीत गाठ दाराला टेकली. सगळ्यात लांब जी होती, तीत सुतळी सरळ बसून वर वीतभर जागा उरली. काकांनी निकाल देऊन टाकला, "हीच. गाडी कशी, लांबनं यायला लागली की माणसं आपणहून बाजूला झाली पायजेत."

गंमत अशी की दादाला आवडली ती छोटी. ती चालवायला म्हणून हायवेवर घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा गडी लाजत होता. "लई पळती गं," मला हळूच म्हणाला. "वळवली की हातातल्या हातात वळती." सेल्समननेही खरं ते सांगितलं: चालवणाऱ्याचं सुख छोट्या गाडीत, मागे बसणाऱ्याचं सुख लांब गाडीत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाला मोठी नसलेली वस्तू आवडली होती, आणि नेमकी ती घेता येत नव्हती. मला त्याची दया आली. तसं मी त्याला बोलून दाखवलं नाही, कारण दया केलेली त्याला खपत नाही.

आता उरलं गल्लीचं वळण. लांब गाडी आबांच्या पायाला पुरते, पण त्या दगडी पायरीपाशी वळेल का? छोटी वळेल, पण तीत पाय मावत नाही. दादा सेल्समनला म्हणाला, गाडी एकदा गल्लीत आणून दाखवा. सेल्समन येऊन गल्ली बघून गेला आणि त्यानंतर त्याचा मॅनेजर सतत मीटिंगमध्ये असायला लागला.

हे गाऱ्हाणं दादाने त्याच्या मंडपवाल्या मित्राला सांगितलं. शाळेपासूनचा मित्र, लग्न असो, गणपती असो, याच्या मंडपाशिवाय पेठेत काही उभं राहत नाही. तो म्हणाला, "भावा, वळतीया का बघायला खरी मोटार कशाला पायजे? मोटारीचं माप दे. रविवारी सकाळी दारात मोटार उभी करतो."

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी खरंच गाडी उभी होती. बांबूची. शोरूमच्या माहितीपत्रकातली लांबी, रुंदी, आरशांसकट, सगळं हिशेबाने सुंभाने बांधलेलं. उंची मात्र कमरेइतकीच ठेवलेली, म्हणजे आत उभं राहून ती हातांनी उचलून चालवता यावी. वर टप नाही, खाली तळ नाही, फक्त गाडीचा आकार. दादाने आणि मंडपाच्या तीन पोरांनी ती उचलली आणि आईने दारातूनच आवाज टाकला, "नुसता बांबू माझ्या दारात आणायचा न्हाय!"

सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले. चार माणसं, बांबू, सुंभ. तिरडीलाही हेच लागतं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मंडपवाल्याने जीभ चावली, टेम्पोकडे पळत गेला आणि लाल-पिवळं लग्नाचं कापड आणून सगळ्या गाडीला गुंडाळलं. खाली झालर सोडली. हातासरशी पुढे दिव्यांच्या जागी थर्माकोलच्या दोन ताटल्याही बांधल्या. काकांनी लिंबू-मिरची अडकवली. आई ताट घेऊन आली, गल्लीच्या तोंडापर्यंत न जाता उंबऱ्यावरूनच तिने लांबून ओवाळलं, आणि आमची जर्मन सेडान गल्लीत शिरली.

दादा पुढे उजव्या कोपऱ्यात होता. एका हाताने बांबू धरलेला, आणि दुसरा हात त्याच्या नकळत नसलेल्या स्टिअरिंगवर. काका बाहेरून कंडक्टरसारखे गाडीच्या अंगावर थाप मारत होते, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि वळणावर, त्या पायरीपाशी, व्हायचं तेच झालं. पुढचं नाक भिंतीला टेकलं, मागचा कोपरा पायरीत रुतला. मागे घेतली, परत पुढे घेतली, तिरकी केली. अजून घट्ट बसली. दोन्ही बाजूंनी दारं उघडली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं रिव्हर्समध्ये आणा. कुणी म्हणालं पायरी फोडा. पायरीवाला म्हणाला, "माझ्या बापानं घातलीया, हात तर लावून दावा." मी म्हणाले, बांबूच आहे, जरा उचलून वरून घ्या की. यावर सगळे गाडीवाले माझ्याकडे बघायला लागले. गाडी कधी वरून घेतात का?

एवढ्यात स्कूटरवरून एक अनोळखी गृहस्थ आले आणि हॉर्न वाजवायला लागले. पुढे भाजीचा गाडा थांबलेला, मागे स्कूटर. गाडी अजून घेतली नव्हती आणि तिच्यामुळे रस्ता मात्र बंद पडला होता.

"पावणं, दम धरा की जरा," काका म्हणाले. "गाडी वळतीया, दिसत न्हाय व्हय?"

"कुठली गाडी?"

"ही काय!"

पाहुण्यांनी झालरीवरून, ताटल्यांवरून, लिंबू-मिरचीवरून नजर फिरवली. स्कूटर बंद करून स्टँडला लावली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती?"

शेवटी मंडपवाल्याने मागचे बांबू सोडले, आत सरकवले आणि पुन्हा सुंभ आवळला. "हे घ्या छोटं मॉडेल." ते मात्र वळणावरून सुळकन निघालं आणि थेट आमच्या दारासमोर येऊन थांबलं. दादाचा चेहरा काय फुलला! त्याची आवडती गाडी, आणि गल्लीत येत होती. आता प्रश्न पायाचा.

"थांबा, मी बसून दावतो," काका म्हणाले. मागच्या भागात एक स्टूल ठेवून ते बसले आणि आबा होऊन पाय ताठ केला. दादा ओरडला, "गुडघा वाकवायचा न्हाय, काका!" काकांनी कण्हण्याचा आवाजही काढला. पाय बांबूच्या बाहेर आला. मग तिरके बसले, आडवे झाले, दोन्ही हातांनी मांडी धरून "आई गं" केलं. लोक हसायला लागले.

उंबऱ्याच्या आत खुर्चीत बसून आबा हे सगळं बघत होते. ते लाल झाले होते. आधी मला वाटलं हसताहेत. मग ते गरजले, "ऊठ! ऊठ तिथनं! माझा पाय तुला काय ठावं रं? असा बसतोय व्हय मी?" आणि चौकट धरून ते उभे राहिले. पहिल्यांदा डावा पाय उंबऱ्याबाहेर पडला. मग त्यांनी तो ताठ पाय कमरेतून गोल फिरवून बाहेर आणला. दादा धावायच्या बेतात होता. मी त्याचा शर्ट मागून पकडून ठेवला. आबांनी काकांना हाताने बाजूला सारलं, मंडपवाल्याने मागचा बांबू सोडताच गाडीत जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी दोन बाजूंचे बांबू गच्च धरले.

पायरीवाला पायरीवरून उठून उभा राहिला.

"आता उभी काय केलीया?" आबा म्हणाले. "चालवा की. मोटार घेतली ती दारात लावायला व्हय?"

आमच्या दारासमोर गल्ली जरा रुंद आहे, तिथे दादाने गाडी मागे घेतली आणि नाक रस्त्याकडे वळवलं. मग चौघं निघाले, हळू, अगदी हळू, आणि मधे आबा. ते चालत होते. डावा पाय, मग कमरेतून फिरवलेला उजवा. बांबूला हातांचा भार देऊन, तोंडाने दादाला "डावीकडं घे, घासल" असं सांगत ते आपल्या पायांनी गल्लीतून चालले होते, आणि चालतोय असं त्यांना कुणी म्हणायची सोय नव्हती, कारण ते गाडीत होते. मला रडू फुटलं. हसूही येत होतं. मंडपवाला माझ्याकडे बघायचं टाळत सुंभाच्या गाठी तपासत होता.

वळणाच्या अलीकडे आबा थांबले, म्हणून गाडी थांबली. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. "आणि ही?"

आई ताट घेऊन उंबऱ्यावरच उभी होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आबा बाहेर पडत नव्हते तेवढे दिवस तीही कुठे गेली नव्हती. ना देवीला, ना तिच्या बहिणीकडे हुपरीला, ना माझ्याकडे. आम्ही सगळे एका पायाची मापं काढत होतो. दुसरं माणूसही घरात अडकलंय हे सुतळीत कुठे आलंच नव्हतं.

"मी कशाला? घर उघडं पडंल," आई म्हणाली. पण ते म्हणता म्हणता ताट आत ठेवून तिने दाराला कडीही घातली. मागे आबांचा पाय होता, जागा नव्हती. ती झालर उचलून पुढे दादाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि गाडी रस्त्याला लागली.

त्या दिवसापासून बांबूची गाडी आमच्याच दारात राहिली. मंडपवाल्याने लग्नसराईतसुद्धा ती परत मागितली नाही. गल्लीतली पोरं ती उचलायची आणि आबा रोज संध्याकाळी तीत बसून, म्हणजे चालून, रस्त्यापर्यंत जायला लागले, आणि दादाला गाडी निवडायची मोकळीक मिळाली. गल्लीत यायचं काम बांबूची गाडी करत होती, तेव्हा खरी कितीही लांब चालली असती. आपल्या आवडीची छोटी सोडून त्याने लांबच गाडी घेतली. ती रस्त्यावर उभी असते. लोकांना ती दादाची हौस वाटते, आणि तोही त्यांना तसं वाटू देतो.

पहिल्यांदा बसलो तेव्हा मीही होते, मागच्या कोपऱ्यात, कारण बाकीच्या सीटवर आबांचा पाय होता. सुतळीचं माप खरं ठरलं होतं. चप्पल धरून पाय सरळ बसला, पण त्यासाठी त्यांना काचेकडे पाठ करून आडवं बसावं लागलं. पुढे दादाशेजारी आई बसली होती. मोटारीत पुढच्या सीटवर ती जन्मात पहिल्यांदा बसली होती. आजवर पुढे कुणीतरी बाप्या माणूस असायचा आणि ती मागे, कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन. गाडी निघाली. आवाज नाही, हिसका नाही. रंकाळ्याकडे वळलो आणि सगळं पाणी समोर आलं, उन्हात चमकत. आबांना आडवं बसून त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती ती मी आणि माझ्यापलीकडची दुकानं.

"काय हाय गं पुढं?" त्यांनी विचारलं. "गर्दी हाय का? पाणी किती हाय? कट्ट्यावर कोण बसलंय? अगं सांग की, मला हिकडनं काय बी दिसत न्हाय!"

आई काचेला नाक लावून बसली होती. मागे न बघताच ती म्हणाली, "जरा गप बसा हो. मला बघू द्या."